गॅरेजात ठणठणीत, हदगाव रोडवर आजारी

माझ्या गॅरेजच्या बोर्डावर नावाखाली ‘बी. ई. मेकॅनिकल’ असं लिहिलेलं आहे आणि ते नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. रंगवणारा पेंटर म्हणाला होता, “साहेब, डिग्री बारीक लिहितात, नाव मोठं.” मी म्हणालो, “नाव आईबापानं दिलं. डिग्री मी मिळवली.” माझे वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिला. बोर्ड बघून कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या, मी तो बदललेला नाही.

नांदेडात मी टर्बो गाड्यांचं ट्यूनिंग करतो. गावाकडं हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “ट्यूनिंग म्हंजे हॉर्नचं का?” म्हणून थोडं समजावून सांगतो.

इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र जळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. किती हवेला किती पेट्रोल, यातच आमचं सगळं काम आलं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जादा हवा कोंबतो. माझी आई चुलीत फुंकणी मारायची, तसंच. फुंकणीनं जाळ भडकतो, पण मग सरपणही तसं पुरवावं लागतं. चुलीत सरपण कमी पडलं तर जाळ मंदावतो. इंजिनाचं उलटं आहे. जोरात पळवताना पेट्रोल थोडंसं कमी पडलं तर आतली उष्णता भलतीच वाढते आणि मिश्रण ठिणगीची वाट न बघता स्वतःच्या मनानं पेट घेतं. पिस्टनवर कोणी हातोडी मारतंय असा आवाज येतो. म्हणून जोर लागतो तिथं आम्ही पेट्रोल मुद्दाम जास्त सोडतो. त्यातलं काही जळतच नाही, ते फक्त आतलं थंड ठेवतं. आग थंड करायला पेट्रोल टाकतात, असं मी म्हणालो की लोक माझ्या डिग्रीकडं संशयानं बघतात.

पेट्रोल कमी पडलं की आम्ही ‘लीन’ म्हणतो, जास्त झालं की ‘रिच’. सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवायचा, लॅपटॉप जोडायचा, की पडद्यावर रेघ उमटते. रेघ पाहिजे तिथं आली की ट्यूनिंग झालं. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये कुठल्या जोराला किती पेट्रोल हे ठरवून दिलेलं असतं, त्याला आम्ही मॅप म्हणतो. मी तो बदलतो. स्क्रूड्रायव्हर कमी लागतो, डोकं जास्त.

गिऱ्हाइकं कशी येतात म्हणाल तर लातूरहून एक व्यापाऱ्याचा मुलगा आला होता. त्याला वेग नको होता. “सर, रेस सोडली की मागून फटाके वाजले पाहिजेत.” तेही पेट्रोल आणि ठिणगीच्या वेळेचंच काम आहे. मी समजावलं, ऐकेना, दिले वाजवून. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील गाडीत बसून आले. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, चेहरा लाल. “इंजिनेर, दुकानासमोर पोरानं गाडी थांबवली अन् पायरीवर बसलेली म्हातारी माणसं उठून पळाली. काढा ते.” काढलं. मुलगा आठवडाभरानं फोन करून म्हणतो, “सर, अप्पा काशीला गेलेत. परत घालता का?”

असल्या गिऱ्हाइकांचं मला काही वाटत नाही. त्यांना काय पाहिजे ते कळतं. मला वेड लावलं ते डॉक्टर निर्मला मॅडमच्या गाडीनं.

मॅडम भूल देणाऱ्या डॉक्टर. साठीच्या आसपासचं वय. राहायला नांदेडात, पण भोकर, हदगाव, थेट माहूरपर्यंत जायच्या. त्या भागातल्या छोट्या दवाखान्यांत ऑपरेशन करणारे डॉक्टर असतात, भूल देणारं माणूस नसतं. एखाद्या बाईचं सिझर करायचं ठरलं की मॅडमना फोन जायचा. मॅडम पोचेपर्यंत सगळे थांबून राहायचे आणि मॅडम पोचणार या गाडीतून. टर्बो पेट्रोल, चांगली दणकट गाडी. माहूरच्या घाटात जरा जास्त ओढ पाहिजे म्हणून त्यांनी ती माझ्याकडं ट्यून करून घेतली होती. पावसाळाभर गाडी मस्त चालली.

गाडी चालवायला गंगाधरमामा. पन्नाशी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, शर्टाचं वरचं बटण लावून येणारा माणूस. आधी भोकरकडं एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचे. मॅडमना ते ‘बाई’ म्हणायचे, मला ‘साहेब’.

दिवाळी झाली, कापूस यायला लागला, आणि मामा गाडी घेऊन दारात उभे.

“साहेब, गाडी दम सोडून राहिली.”

“कुठं?”

“हदगाव रोडला. ओव्हरटेक मारायला गेलं की खडखड वाजतंय, पिवळा दिवा लागतोय, अन् मंग बैलावानी चालती.”

खडखड म्हणजे हातोडी. इंजिन स्वतःला वाचवायला जोर काढून घेतं, म्हणून ती बैलासारखी चाल. म्हणजे लीन. म्हणजे पेट्रोल कमी. आणि मॅप माझा!

लॅपटॉप जोडला. माझी एक पद्धत आहे. कुठलीही गाडी आली की आधी हवेचं वजन मोजणारा सेन्सर काढायचा, त्याच्यावर क्लीनरचा स्प्रे मारायचा, वाळवायचा, परत बसवायचा. आपल्याकडच्या धुळीत कोणाचाच सेन्सर स्वच्छ नसतो, म्हणून ते मी हातपाय धुतल्यासारखं करतो. मग मामांना बाजूला बसवून बायपासला गाडी पळवली. रेघ बघितली. सरळ. जिथं पाहिजे तिथं. परत पळवली. परत सरळ.

“मामा, गाडीला काही झालेलं नाही.”

“हाव का? मंग बरं झालं.” मामा खूश होऊन गेले.

चार-सहा दिवसांत मॅडमचाच फोन. भोकरहून येताना गाडीनं तेच केलं. मी परत बोलावली. परत गॅरेजात ठणठणीत. तरी या वेळी मी वरच्या जोराला पेट्रोल थोडं वाढवलं. म्हटलं, सुरक्षित असू द्या. पुढच्या खेपेला गाडी आली ती परत दिवा लागल्याची तक्रार घेऊनच, आणि माझ्याकडं बायपासवर पळवली तर काळा धूर. रिच! मीच वाढवलेलं पेट्रोल जास्त झालं होतं. मग रस्त्यावर कमी कसं पडतंय? वाढवलेलं परत काढलं.

वाचणाऱ्यांना हे नीट कळावं म्हणून सांगतो. एकच गाडी, एकच मॅप. माझ्या हातात असताना पेट्रोल जास्त, मामांच्या हातात असताना कमी. मी पेट्रोलचा पंप बदलायला सांगितला, मामा दुसरीकडून भरायला लागले, फरक नाही. प्लग बदलले. इंजेक्टर तपासले. शेवटी स्वतःचा मॅप काढून कंपनीचा मूळ मॅप घातला. म्हटलं, चूक माझी असेल तर आता कळेल. कंपनीच्या मॅपवरही हदगाव रोडला गाडीनं दम सोडला. मला आधी हायसं वाटलं, आणि मग जास्तच कळेनासं झालं. एका दुपारी मी खरंच मोबाइलवर नांदेड आणि हदगावची समुद्रसपाटीपासूनची उंची बघत बसलो होतो. तिकडची हवा वेगळी आहे की काय! बी. ई. मेकॅनिकल माणूस.

मामांवर पण संशय घेतला. “मामा, तुम्ही चुकीच्या गियरला तर दाबत नाही ना?”

मामांना लागलं. “साहेब, मी ट्रॅक्टर हाकलाय चिखलात. गियर मला शिकवता का?”

मग मॅडम स्वतः आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “पुण्याचा माझा मुलगा रोज सांगतोय, आई आता बाहेरगावचं बंद कर. मी त्याला हसून टाळत होते. परवा माहूरला मी पोचले तेव्हा ज्या मुलीचं सिझर होतं तिची आई दवाखान्याच्या दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. घाटाखाली गाडी थांबली नसती तर मी कधीच पोचले असते. नशीब, तोवर काही बिघडलं नव्हतं. ही गाडी आणखी एकदा थांबली की मी बाहेरचे कॉल बंद करणार आहे. मुलाला शब्द दिलाय.”

“दुसरी गाडी घ्या ना मॅडम.”

“दुसरी थांबणार नाही हे कोण सांगणार? तुम्ही?”

नंतर मामा जाताना हळूच म्हणाले, “बाईंनी बंद केलं तर तिकडच्या बायांला कळा सोसत नांदेड गाठावं लागतंय, साहेब. तेवढं ध्यानात ठेवा.” म्हणजे आता ते माझ्या ध्यानातून जाणारच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी दुकान उघडून मी चहा घेत होतो, तेवढ्यात मॅडमचा फोन. आवाज एकदम सपाट. “अर्धापूरच्या पुढं उभे आहोत. हदगावला पेशंट तयार आहे. तिकडून ते गाडी पाठवतायत, पण ती यायला वेळ लागेल. तुम्ही पोचू शकता का?”

लॅपटॉपची बॅग पाठीवर टाकली, मोटारसायकल काढली. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चाललेल्या, जाळ्या बांधूनही रुई उडत होती, हेल्मेटच्या काचेला चिकटत होती. अर्धापूरच्या पुढं लिंबाखाली गाडी दिसली, हदगावची गाडी अजून आली नव्हती. मॅडम बाहेर उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, “नाडी बघत राहा, मी येतेय.” मामा बॉनेट उघडून आत वाकले होते.

मला बघितलं आणि मामांनी बॉनेट धाडकन बंद केलं.

“थांबा साहेब, जरा पुसून घेतो.”

“मामा, पुसायचं काय? उघडा.”

“दोन मिनिटं. लई घाण हाय आत. तुमी तिकडं सावलीत बसा.”

“मामा, पेशंट टेबलावर आहे तिकडं!”

ते बाजूला झाले, पण मान खाली. मी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आत फिल्टर होता. फिल्टरवर धोतराच्या फडक्याची जाड घडी, सुतळीनं नीट बांधलेली. फडकं तेलानं थबथबलेलं. बोट लावलं तर बोट काळं.

“हे काय आहे?”

“गाळणी हाय,” मामा म्हणाले. “कापसाचा मोसम आला की रुई आत जाती. ट्रॅक्टरला खाली तेलाची वाटी असती ना, कचरा तेलात बसतो. हिला तसलं काहीच दिलं न्हाई कंपनीनं. मी घरचंच केलं. तेल टाकतो दोन दिवसाला.”

“मग माझ्याकडं गाडी आणता तेव्हा हे कुठं असतं?”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच वेडगळ प्रश्न विचारलाय. “काढून ठेवतो ना घरी. गाडी धुतो, डबा पुसून घेतो. तुमच्या हाताला तसली घाण लावायची का? शिकलेला माणूस तुमी.”

मी तिथंच बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. हवेचं वजन मोजणारा सेन्सर म्हणजे एक तापलेला बारीक तुकडा असतो. हवा त्याच्यावरून जाते, तो गार होतो, जितका गार तितकी हवा जास्त. फडक्यातलं तेल हवेबरोबर उडून त्याच्यावर बसत होतं. अंगावर गोधडी घेतलेल्या माणसाला वारं लागत नाही, तसं त्याला हवा लागत नव्हती. तो इंजिनाला सांगायचा, हवा कमी आहे. इंजिन पेट्रोल कमी सोडायचं, तेल साचत गेलं तसं बंदच पडायचं. आणि हवा तर टर्बोनं कोंबलेलीच! मामा फडकं काढून यायचे, मी आल्याआल्या सेन्सरवर स्प्रे मारायचो. त्यांनी अर्धं पुसायचं, मी अर्धं. मग दोघांनी मिळून बायपासला सरळ रेघ बघायची.

मॅडम फोन ठेवून जवळ आल्या. फडक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. काय झालं ते विचारलंच नाही.

“चालेल का?”

“चालेल.”

“कुठपर्यंत?”

हा प्रश्न मला आजवर कोणी इतका सरळ विचारला नव्हता. “हदगावपर्यंत मी पुढं बसतो,” मी म्हणालो.

फडकं काढलं, डबा झाडला, सेन्सर धुतला. मोटारसायकल एका हॉटेलवाल्याच्या ताब्यात दिली. मांडीवर लॅपटॉप, मागं मॅडम, मामांच्या हातात स्टिअरिंग. कापसाच्या एका ट्रॅक्टरमागं आलो. मामांनी माझ्याकडं बघितलं.

“मारू का?”

“मारा.”

त्यांनी दाबलं. रेघ थरथरली, खाली आली, जागेवर बसली. खडखड नाही, दिवा नाही. मामांच्या मिशीखालून “जय रेणुका माय” एवढं ऐकू आलं.

हदगावला मॅडम गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरल्या. मी आणि मामा दवाखान्याच्या आवारात बाकड्यावर बसलो. मला राग यायला पाहिजे होता, पण तो कोणावर काढायचा ते समजेना. चांगल्या मनानं बांधलेलं फडकं, चांगल्या मनानं काढलेलं फडकं. मामा मात्र पार खचले होते.

“साहेब, म्हंजे बाईंची गाडी मीच थांबवत होतो का?”

“तुम्ही रुई अडवत होता.”

“ते झालंच. पण थांबवत होतो का न्हाई?”

मी म्हणालो, “चहा घ्या.”

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं उठून उगाच टोपी नीट केली. पुष्कळ वेळानं मॅडम बाहेर आल्या. बाई बरी होती, बाळ बरं होतं. मी मामांची बाजू घेऊन काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं.

“माझे पेशंट काय करतात माहितीये? ऑपरेशनला उपाशी या म्हणून सांगितलेलं असतं. मी विचारते, काही खाल्लं का? नाही म्हणतात. खोटं बोलायचं म्हणून नाही हो, डॉक्टरीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून. आणि खाल्लेल्या माणसाला भूल दिली तर जीव जाऊ शकतो. मग मी आता तसं विचारतच नाही. मी विचारते, सकाळी चहा कोणी केला? लगेच सांगतात, सुनेनं केला, दूध जरा कमी होतं.”

मामा हसले नाहीत. म्हणाले, “बाई, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

“विचारलं नाही म्हणूनच म्हणतेय,” मॅडम म्हणाल्या, आणि बघितलं माझ्याकडं.

तेव्हापासून गाडी आली की मी लॅपटॉप उघडत नाही, सेन्सरला हातही लावत नाही. आधी विचारतो, “काल गाडीला काय काय केलं?” काय काय ऐकायला मिळतं! एकानं देवीचा अंगारा फिल्टरच्या डब्यात ठेवलेला होता. एकाच्या बायकोनं टर्बोला थंड वाटावं म्हणून त्याच्यावर ओलं फडकं टाकलं होतं. सगळ्यांना सांगतो, गाडी आहे तशी आणा, धुऊन आणू नका. बहुतेक जण तरी धुऊनच आणतात. मामांनी एकदा न धुता आणली, पण गॅरेजच्या मागच्या गल्लीत लावली. विचारलं तर म्हणाले, “लोक काय म्हणतील, डॉक्टरची गाडी अन् ही कळा.”

मी परत माझा मॅप घातला. पण एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. सेन्सर स्वच्छ, फिल्टर नवा, तरी माझ्या मॅपवर घाटात रेघ थोडी रिचकडं झुकते, बायपासवर झुकत नाही. थोडीशीच. चालण्यासारखी. का झुकते ते मला माहीत नाही. फडक्यानं सगळं समजलं असं वाटलं होतं, तर तसंही नाही.

म्हणून मॅडमना माहूरचा कॉल आला तेव्हा मी म्हणालो, मीही येतो. मॅडमनी मुलाला फोनवर सांगितलं, “हो, चाललेय. बघू,” आणि फोन पर्समध्ये टाकला. बंद करते म्हणाल्या नाहीत, चालू ठेवते असंही म्हणाल्या नाहीत. मी पुढं लॅपटॉप घेऊन बसलो. घाट लागला. वळणावर मामांनी जोर दिला आणि रेघ परत झुकली. थोडीशीच. मला वाटलं, गाडी थांबवावी, बॉनेट उघडावं, एकदा स्वतः बघून घ्यावं. काहीतरी आहे तिथं, मला न दिसणारं.

“मामा,” मी म्हणालो.

मामांनी आरशात बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, “बाई झोपल्यात. हे सुरू झाल्यापासून गाडीत डोळा लागला नव्हता त्यांचा. वळणावळणाला कान देऊन बसायच्या.”

मी मागं वळून बघितलं. मॅडमची मान खिडकीला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं, चष्मा नाकावर घसरला होता.

मी लॅपटॉप मिटवला. गाडी घाट चढत राहिली.